उजेडाच्या तीन शिंका

सोन्याचा वर्ख इतका पातळ असतो, की त्याच्यासमोर कुणी नुसता सुस्कारा टाकला तरी तो रुसून उडून जातो. तिथे शिंक म्हणजे काय होत असेल, विचारूच नका!

आणि चमकी शिंकली. सोमवारी, सकाळी सव्वानऊ वाजता, अगदी नको त्या क्षणी.

तिने नुकताच खारीच्या केसांचा रुंद ब्रश स्वतःच्या गालावरून फिरवला होता. गालाच्या तुकतुकीने ब्रश जरासा ओशट होतो आणि मगच त्याला वर्ख चिकटतो, ही आत्याची शिकवण. या गालावरच्या कामापायी तिच्या चेहऱ्यावर कुठे ना कुठे सोन्याचा कण चमकत असायचा, म्हणून तर गल्लीने तिचं नाव चमकी ठेवलं होतं. तर ब्रशच्या टोकाला वर्खाचं पान थरथरत होतं, समोर नाट्यगृहाच्या आरशाची पुरुषभर उंच चौकट लाल मातीचा लेप लावून तयार होती... आणि डोक्यावर काहीतरी खडखडलं. छपराचा एक पत्रा बाजूला सरकला. ज्या खोलीत चार वर्षं दिव्याखेरीज कशाचा उजेड तिने पाहिला नव्हता, तिथे उन्हाचा पट्टा सरळ खाली उतरला, तो थेट तिच्या चेहऱ्यावर.

"आ... आक् छी! आक् छी!! आ... छुक्!"

पान गेलं. वर्खाच्या वहीतली आणखी दोन पानंही गेली. एक दिव्याला चिकटलं, एकाचा चुरा झाला आणि तिसरं, वाट चुकून, चमकीच्या डाव्या भुवईवर येऊन बसलं.

छपराच्या भोकात एक डोकं उगवलं. कुरळे केस, कानामागे पेन्सिल.

"अरेरे! धूळ पडली का हो?"

"धूळ नाही, ऊन पडलं!" चमकी दातओठ खात म्हणाली.

"ऊन तर पडणारच की. सकाळ आहे ना."

ती याचं चांगलंच उत्तर देणार होती, पण मागच्या खोलीतून आवाज आला आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली.

"कोण शिंकलं?"

आत्या! आता ही आत्या काय चीज आहे ते आधी सांगायला हवं. चौकटींवर सोनं चढवण्यात तिचा हात धरणारं दुसरं कुणी नव्हतं. जीभही तशीच धारदार. भाचीला शिकवायला घेतलं, पण लाड औषधालाही नाही. दोन वर्षं पॉलिशपेपर घासायचा, एक वर्ष सरस कढवायचा, एक वर्ष मातीचा लेप. मग कुठे गेल्या महिन्यात चमकीला वर्खाच्या टेबलावर जागा मिळाली होती. चार वर्षांपूर्वी, शिकायला आली त्या पहिल्या दिवशी आत्याने एकच प्रश्न विचारला होता, "तुझ्या बाबासारखी उन्हात शिंकत नाहीस ना? शिंकणाऱ्याला माझ्या टेबलावर जागा नाही." आणि चमकी धडधडीत खोटं बोलली होती, "छे! मी नाही बाई!"

खरं तर ती बाळपणापासून शिंकायची. उजेड पडला रे पडला, की तीन शिंका. पण या कारखान्याच्या खिडक्यांना आत्याने काळा रंग फासलेला, त्यामुळे खोटं बिनबोभाट खपलं होतं. आजपर्यंत.

"कोण शिंकलं, म्हणते मी?"

चमकीने डोळे मिटले. संपलं सगळं...

"मी!" वरून आवाज आला. "मी शिंकलो, बाई."

आत्या मागच्या दारात येऊन उभी राहिली. कपाळावर आडवा हात, डोळे जमिनीकडे. "वर कोण तडमडलंय?"

"काचवाला. छपरात खिडकी बसवायला आलोय. तुम्हीच सांगितलं होतंत."

"उद्या सांगितलं होतं."

"आजचं दुसरं काम लवकर आटोपलं."

"मग शिंकायचं तर तोंड आभाळाकडे करून शिंक. खाली सोनं आहे!" आणि आत्या फणकाऱ्याने आत निघून गेली.

चमकीला हायसं वाटलं. मग वाटलं, हा कोण लागून गेला मला वाचवणारा? ती दबक्या आवाजात म्हणाली, "खोटं कशाला बोललात?"

"तुमचा चेहरा पाहिलात का? चुन्यासारखा पांढरा पडला होता. आणि वर ती..." तो थांबला.

"वर ती काय?"

"सोन्याची भुवई. छान दिसतेय. पुसू नका इतक्यात."

चमकीने ती लगेच पुसली. म्हणजे, संध्याकाळी घरी गेल्यावर, आरशात एकदा नीट बघून झाल्यावर.

मंगळवारी काचवाल्याने भोकावर ताडपत्री बांधली. पण काम करायचं तर ती सारखी सरकवावी लागे. ती सरकली की ऊन, ऊन आलं की चमकीची शिंक, आणि पाठोपाठ वरून त्याची. अगदी खोटी! पहिली तर इतकी केविलवाणी होती, की चमकीने तोंडात रुमाल कोंबून हसू दाबलं. पण गडी मेहनती. दुपारपर्यंत त्याने असा सराव केला, की दार आपटल्यासारख्या दणदणीत शिंका येऊ लागल्या आणि समोरचा शिंपी धावत बाहेर येऊन बघून गेला.

"मेला छप्पर पाडतो की काय!" आत्या मागच्या खोलीतून ओरडली. छप्पर उघडल्यापासून ती तिथेच बसून होती. सरस ढवळायला एवढा वेळ कसा लागतो, असं चमकीच्या मनात आलंही, पण तिचं सगळं लक्ष वर होतं.

जेवायच्या सुट्टीत ती डबा घेऊन मागच्या पायरीवर आली. बाहेर पाऊल टाकलं आणि तीन शिंका झाल्याच. काचवाला आधीच पायरीवर बसून भाजी-पोळी खात होता. तो हातातला घास तसाच धरून म्हणाला,

"एक, दोन, तीन. दर वेळी तीनच! पहिली बारीक, दुसरी ठसक्यात, आणि तिसरी मांजरीच्या पिल्लासारखी."

"माझ्या शिंका मोजता तुम्ही?"

"मोजमापाचाच धंदा आहे माझा." मग तो जरा ओशाळून म्हणाला, "मला वाटलं, माझ्या पुट्टीचा वास सहन होत नाही तुम्हाला. अळशीच्या तेलाचा असतो ना. म्हणून आज दोनदा साबण लावून अंघोळ केली."

खरंच! त्याच्या अंगाला लिंबाच्या साबणाचा घमघमाट येत होता, आणि कानामागे फेस तसाच वाळला होता. आपल्या शिंकेपायी कुणीतरी दोनदा अंघोळ केली... चमकीला हसावं की काय करावं कळेना. तिला तो आवडला, बस्स. त्याच क्षणी, कानामागच्या फेसासकट.

"पुट्टी नाही हो," ती म्हणाली. "ऊन. उजेड पडला की येते शिंक. हसा."

तो हसला नाही. "उजेडाने नाकाला का त्रास व्हावा? बघतो."

"काय बघता? नाकात काच बसवणार?"

"विचारून बघतो कुणालातरी."

बुधवारी तो धापा टाकत आला. सकाळीच डोळ्यांच्या दवाखान्यात फुटकी तावदानं बदलायला गेला होता, आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंना त्याने काम सोडून तासभर पिडलं होतं.

"चार-पाच माणसांत एकाला असतं!" पायरीवर बसायच्या आत त्याने सुरुवात केली. "आजार नाही, काही नाही. डोळ्याची नस आणि नाकाची नस मेंदूत शेजारीशेजारी, असं त्या म्हणाल्या. उजेडाचा निरोप येतो डोळ्याला. पण नाक महा आगाऊ! भिंतीला कान लावून ऐकतं, आणि त्याला वाटतं बोलावणं आपल्यालाच आलंय. नक्की असंच होतं का, ते अजून कुणाला पुरतं कळलेलं नाही म्हणे. पण आईबापांकडून येतं हे खरं."

"बाबांकडून," चमकी हळूच म्हणाली.

"आणि आता नीट ऐका. अंधारातून एकदम उजेडात आलं, तरच शिंका येतात. एकदा शिंकून झालं, डोळे सरावले, की संपलं! तुम्ही काल अर्धा तास इथे उन्हात बसला होतात. पहिल्या तीन झाल्यावर चौथी आली?"

चमकीने आठवून पाहिलं. नव्हती आली! एवढ्या वर्षांत हे आपल्या लक्षात कसं आलं नाही? पण उन्हात नीट बसलीच कधी होती ती? शिंक आली की ओशाळून सावलीत पळायचं, एवढंच माहीत.

"म्हणजे... मी उजेडात वर्ख लावू शकते?"

"दिवसभर! फक्त सकाळी दारात उभं राहून आधी शिंकून घ्यायचं." तो असा खूश झाला होता, जणू रोग त्याचाच बरा झाला. "सांगून टाका ना तुमच्या आत्याला."

चमकीचा चेहरा उतरला. "चार वर्षं खोटं बोललेय मी. तिला शिंक चालेल एक वेळ, खोटं नाही चालणार. टेबल जाईल माझं. तुम्हाला नाही कळायचं... त्या टेबलावर बसले ना, की मला वाटतं, मी कुणीतरी आहे."

"कळतं," तो म्हणाला. "मग मी शिंकत राहतो. माझं काय जातं?"

त्या दिवसापासून चमकीला एक खोडच लागली. कारण नसताना वर बघायची. एकदा वर बघायचं म्हणजे तीन शिंका ठरलेल्या, तरी बघायची. तोही ताडपत्री जरा जास्तच वेळा सरकवू लागला. आणि गुरुवारी त्याने आणलेली काच चौकटीत धरून पाहिली, तर ती दोन बोटं आखूड!

शुक्रवारी आत्याचा बांध फुटला.

"खाली उतर!" मागच्या दारातून ती कडाडली. काचवाला शिडीने उतरून मान खाली घालून उभा राहिला. "पाच दिवस माझ्या डोक्यावर बसून शिंकतोयस. आरसा उद्या जायचाय, अजून कोपरे उघडे आहेत. वर काच आखूड कापलीस! आज दुपारी काच बसेल अशी खात्री होती माझी, तर पुन्हा कुठे माशी शिंकली? उद्यापासून येऊ नकोस. मी दुसरा माणूस बघते."

चमकीला वाटलं, आता हा सांगून टाकेल. मी त्याची कोण लागते? पण तो फक्त म्हणाला, "बरं, बाई." आणि ताडपत्रीचा दोर सोडवून, हत्यारं पिशवीत भरू लागला. हातोडी. पट्टी. काच कापायचा हिरा. एकेक वस्तू आत जात होती आणि चमकी बघत होती. टेबल हवं होतं तिला. जिवापाड हवं होतं. पण दुसऱ्याच्या नावावर आपल्या शिंका खपवून मिळालेलं टेबल?

"आत्या," ती म्हणाली. "तो नाही शिंकत. मी शिंकते."

"तू? सर्दी झालीय?"

"नाही. उजेडाने. बाबांसारखी. पहिल्या दिवशी खोटं बोलले मी तुझ्याशी."

"काहीतरी बडबडू नकोस. त्याला पाठीशी घालतेस होय?"

आता काय करावं? चमकीने वर्खाची वही डब्यात बंद केली, छपरावरून लोंबणारा दोर धरला आणि खस्सकन ओढला. ताडपत्री घसरली. दुपारचं ऊन धबकन खोलीत उतरलं.

"आक् छी! आक् छी!! आ... छुक्!"

झाल्या तीन. चमकी मान खाली घालून उभी राहिली, बोलणी खायच्या तयारीने.

आणि मग आली चौथी.

"हाक् छी!"

चमकीने वर पाहिलं. काचवाल्याकडे पाहिलं. त्याने घाईघाईने दोन्ही हात हलवले... मी नाही, मी नाही!

"हाक् छी!! हा... छुक्!"

आत्या! दाराची चौकट धरून, डोळ्यांत पाणी, नाक लालबुंद. तिसरी शिंक हुबेहूब मांजरीच्या पिल्लाची.

काचवाला हलकेच पुटपुटला, "सहा."

आत्याने पदराने नाक पुसलं आणि स्टुलावर बसली. "तुझ्याएवढी होते," ती म्हणाली. "एका मोठ्या दालनात भिंतीवर वर्ख चढवत होतो. कुणीतरी पडदे उघडले. एका शिंकेत आठ दिवसांचं काम उधळलं. चाळीस माणसं हसली गं. गुरुजींनी ब्रश काढून घेतला हातातून. मग मी हा कारखाना काढला, खिडक्या काळ्या केल्या. उजाडायच्या आत यायचं, बाहेर पडताना छत्री आतच उघडून पडायचं. तीस वर्षं झाली... कुणाला कळू दिलं नाही."

"मग छप्पर का फोडलंस?" चमकीला रडू येत होतं.

"मला दिसेनासं झालंय नीट. माझे दिवस भरले त्या टेबलावरचे. म्हटलं, मी मेली अंधारात राबले, तुला तरी उजेड मिळू दे. तू म्हणाली होतीस ना, नाही शिंकत म्हणून." तिने पुन्हा पदर नाकाला लावला. "मला केवढा आनंद झाला होता तेव्हा."

चमकी जाऊन तिच्या गळ्यातच पडली. आणि आपला काचवाला, ज्याला शांत बसणं ठाऊकच नाही, तो म्हणाला, "बाई, एक विचारू? तुम्ही बराच वेळ उन्हात आहात. सातवी आली का?"

आत्याने वर पाहिलं. अख्खं ऊन तोंडावर घेतलं. थांबली. आणखी थांबली. नाहीच आली.

मग त्याने नस, नाक, भिंतीला कान, सगळं पुन्हा सांगितलं. आत्या ऐकत होती, ऐकता ऐकता हसायला लागली, आणि हसता हसता रडली. "एवढंच? आधी शिंकून घ्यायचं? तीस वर्षं मी... अगं बाई, एवढंच?"

"एवढंच."

"आणि तू," तिने काचवाल्याकडे बोट केलं, "पाच दिवस खोटं शिंकलास?"

"हो, बाई."

"फार वाईट शिंकतोस. उद्या सकाळी काच घेऊन ये. पुरेपूर मापाची."

शनिवारी सकाळी गल्लीने एक नवल पाहिलं. आत्या आणि भाची हातात हात घालून दारात, उन्हाकडे तोंड करून उभ्या. तीन आणि तीन, सहा शिंका वाजल्या. मग दोघी आत गेल्या आणि उघड्या छपराखाली, लख्ख उजेडात, चमकीने राहिलेले कोपरे सोन्याने भरले. वर्खाचं एकही पान हललं नाही. आत्या शेजारी बसून अकीकाच्या दगडाने सोनं घोटत होती. डोळ्यांना दिसलं नाही तरी बोटांना दिसतं, म्हणाली. चार वाजता आरसा गाडीत चढला.

छपरात काच बसली होती. कुणी सांगितलं नसताना काचवाल्याने तिच्याखाली कप्पी लावून पडदाही बसवला होता, म्हणजे कधी हवं तर उजेड हळूहळू आत घेता येईल. आता तो बाहेर सायकलला शिडी बांधत होता. तीच गाठ चौथ्यांदा.

चमकी दाराच्या सावलीत येऊन थांबली. "चाललात?"

"काम संपलं."

"काच गळली तर?"

"माझी काच गळत नाही."

"आणि आखूड होते ती?"

त्याचे कान लाल झाले. त्याने गाठ सोडली, पुन्हा बांधली. "बारा वर्षं काच कापतोय. एकही आखूड गेली नाही आजवर. ती... मुद्दाम कापली. आणखी दोन दिवस मिळावेत म्हणून."

चार वर्षं खोटं बोलून झालं होतं, आता एक खरं बोलायचं होतं, आणि तेही चांगलं उजळमाथ्याने. तिने एक पाऊल पुढे टाकलं, सावलीतून उन्हात.

"मला तुम्ही... मला ना, तुम्ही आ... आ..."

"आक् छी!"

त्याने शिडी सोडली आणि बोट वर केलं. "एक."

"आक् छी!!"

"दोन. थांबा, घाई नाही."

"आ... छुक्!"

"तीन. आता बोला."

नाक लाल, डोळ्यांत पाणी, गालावर सोन्याचा कण. "मला तू आवडतोस," चमकी म्हणाली. "फार."

ज्या माणसाचं तोंड पाच दिवसांत मिटलं नव्हतं, तो नुसता बघत राहिला, हसत राहिला. शेवटी म्हणाला, "मला तर तू त्या भुवईपासूनच..." आणि पुढे गेलंच नाही वाक्य.

"कोण शिंकलं?" आतून आवाज आला.

"मी, आत्या!" चमकीने इतक्या जोरात सांगितलं, की समोरचा शिंपी पुन्हा बाहेर आला. "मी शिंकले! मीच!"

"आणि तो कुठे आहे? गेला का?"

"नाही, आत्या," काचवाला म्हणाला. "इथेच आहे."

आतून लगेच आलं, "आत्या? काल तर मी बाई होते." मग घसा खाकरल्याचा आवाज. "बरं. चमके, चहा टाकलाय. त्याला आत घेऊन ये. उन्हातून आलं की माणसाला काही दिसत नाही, आणि उंबरठ्यापाशी अंधार आहे. धडपडेल मेला. हात धरून आण."

खरं तर नव्या काचेतून खोलीभर ऊन सांडलं होतं. उंबरठ्यापाशी अंधाराचा मागमूस नव्हता, आणि हे त्या तिघांनाही दिसत होतं. पण मोठ्या माणसांचं ऐकावं. चमकीने त्याचा हात धरला.